बॅश स्क्रिप्टिंग, दिवाळी ते पावसाळा: शिरोलीच्या सर्व्हर रूममधला अनुभव

शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीचे सर्व्हर मी सांभाळते. चार लिनक्स मशीन, एक विंडोज आणि मुंबईत भाड्यानं घेतलेलं एक क्लाउड मशीन. दिवाळी झाल्यावर बॅश, म्हणजे लिनक्सला कमांड देण्याची भाषा, शिकायला घेतलं, आता पावसाळा संपत आलाय. एवढ्या वापरानंतर माझं मत असं: भाषा शिकायला फार दिवस लागत नाहीत. स्क्रिप्ट, म्हणजे कमांडची लेखी यादी, चालवणंही जमतं. चाललीच नाही हे आपल्याला वेळेत कळणं, हा खरा अभ्यासक्रम आहे, आणि तो बहुतेक कोर्समध्ये शेवटच्या अर्ध्या तासात उरकतात.

आधी बरं ते सांगते. ओळी शोधणारा ग्रेप, क्रम लावणारा सॉर्ट, लागोपाठच्या सारख्या ओळी एकत्र करणारा युनिक आणि रकाने वेगळे काढणारा ऑक एवढे चार जण ओळखीचे झाले की लॉग (मशीननं लिहिलेल्या नोंदी) वाचण्याचं निम्मं काम हलकं होतं. ईआरपीच्या (कंपनीचा कारभार चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या) लॉगमधून कुठल्या मशीनवरून सगळ्यात जास्त एरर येतात हे शोधायला पूर्वी फाइल एक्सेलमध्ये उघडायची, मग एक्सेल गळपटायचं. आता एक ओळ. ही जी एकाचं आउटपुट दुसऱ्याच्या तोंडात द्यायची पाइपची युक्ती आहे, ती डग्लस मॅकइलरॉय यांनी सुचवली आणि केन थॉम्पसन यांनी १९७३ मध्ये युनिक्समध्ये बसवली. ऑक १९७७ चं. बॅश त्या मानानं तरुण, ब्रायन फॉक्स यांनी १९८९ मध्ये बाहेर काढलं. इतकी जुनी हत्यारं आजही सर्व्हर उभा केल्या केल्या हाताशी असतात, वेगळं काही बसवावं लागत नाही, हा मोठा फायदा. परवाना नाही, वार्षिक वर्गणी नाही. मालकांना मंजुरीसाठी कोटेशन द्यावं लागलं नाही, हे इथं काम करणाऱ्यालाच समजेल.

आता बॅकअप. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग पाण्याखाली जाऊन कित्येक दिवस बंद होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा तेच. हार्ड डिस्क पिशवीत घालून शहरात न्यायची जुनी पद्धत तेव्हाच निकालात निघाली, कारण पूर आला की शिरोली आणि कोल्हापूर एकाच पाण्यात. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट, हे आकडे इथं शाळकरी पोराला पाठ असतात. पाणी पस्तिशीला आलं की मालकांचा फोन येतो, "मॅडम, डेटा बाहेर गेलाय न्हवं?" त्या प्रश्नाला खात्रीनं "हो" म्हणता यावं, एवढ्यासाठी मी हे सगळं शिकायला बसले.

आणि नेमकं तिथंच बॅशचा स्वभाव कळतो. डेटाबेसचा डंप (पूर्ण प्रत) काढून तो पाइपमधून फाइल दाबून लहान करणाऱ्या जीझिपकडे दिला, तर सगळ्या साखळीचा निकाल म्हणून बॅश फक्त शेवटच्या कमांडचा निकाल धरतं. डंप पासवर्ड चुकल्यामुळं पहिल्याच पावलाला पडला तरी जीझिपनं रिकाम्या माहितीची निमूट फाइल बनवलेली असते आणि बॅश म्हणतं शून्य, म्हणजे सगळं छान. ती फाइल २० बाइटची असते. नावात तारीख बरोबर, जागा बरोबर, आत काही नाही. त्यामुळं स्क्रिप्टच्या माथ्यावर पाइपफेल (साखळीतली कुठलीही कमांड पडली की सगळी साखळी पडली असं धरणारा पर्याय) चालू करणं हा माझ्या दृष्टीनं पहिला धडा असायला हवा, "हॅलो वर्ल्ड" नंतर आला तरी चालेल. त्याच्या जोडीला ई (कमांड पडली की स्क्रिप्ट थांबवणारा) आणि यू हे पर्याय. यू असला की कधीच किंमत न दिलेलं व्हेरिएबल वापरलं की स्क्रिप्ट थांबते; रिकामी किंमत दिलेलं मात्र त्याला चालतं. व्हेरिएबल रिकामं राहिलं आणि पुढं फाइली पुसणारी आरएम कमांड असेल तर काय होतं, याचं उदाहरण जगजाहीर आहे: २०१५ मध्ये लिनक्सवरच्या स्टीम या गेमच्या ॲपच्या स्क्रिप्टमध्ये असाच दोष सापडला होता आणि लोकांच्या स्वतःच्या फाइली उडाल्या होत्या. ई वर मात्र डोळे झाकून विसंबू नका. इफच्या अटीत किंवा दोन अँडच्या डाव्या बाजूला कमांड पडली तर तो काहीही करत नाही.

मी आता फाइल बनल्यावर तिचा आकार तपासते, जीझिपच्या चाचणीच्या पर्यायानं ती उघडते का बघते, आणि महिन्यातून एकदा वेगळ्या मशीनवर खरंच रिस्टोर करून चलनांची संख्या मोजते. स्क्रिप्ट सकाळी निरोप पाठवते तो "झालं" एवढाच नसतो, त्यात आकार आणि वेळ असते. निरोप आला नाही तर तीच धोक्याची घंटा. पहिल्या पाळीचे सुपरवायझर त्यावरून चेष्टा करतात, "काय मॅडम, आज तुमचं पोरगं बोललं न्हाई वाटतं." करू देत.

ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या क्रॉनवर वेगळं पुराण लिहिता येईल. टर्मिनलवर लख्ख चालणारी स्क्रिप्ट क्रॉनमध्ये गप्प पडते, कारण क्रॉनचा पाथ (कमांड शोधायच्या जागांची यादी) अगदी तोकडा असतो आणि आपल्या लॉगिनच्या सेटिंग त्याला माहीत नसतात. क्रॉनटॅबच्या (क्रॉनच्या वेळापत्रकाच्या) ओळीत टक्का म्हणजे नवी ओळ, म्हणून तारखेचं नाव देताना % च्या आधी उलटी तिरकी रेघ हवी. हे कुठल्याही व्हिडिओत मला आधी सांगितलेलं दिसलं नाही. क्लाउड मशीनचं घड्याळ यूटीसीवर (भारतापेक्षा साडेपाच तास मागं) असेल तर रात्री दोनचं काम आपल्या सकाळी साडेसातला सुरू होतं, म्हणजे पहिली पाळी ऐन जोरात असताना. आणि एक काम लांबलं, तेवढ्यात दुसरं सुरू झालं, तर दोघं एकाच फाइलवर बसतात. त्याला उपाय एफलॉक, एका वेळी एकच काम चालू देणारं कुलूप.

आमच्या अकाउंट्समधल्या वहिनी फाइलींना "जुलै पगार" अशी मराठी नावं देतात, मधे मोकळी जागा सोडून. व्हेरिएबलभोवती दुहेरी अवतरण नसेल तर बॅशला ती "जुलै" आणि "पगार" अशा दोन फाइली वाटतात. वहिनींना नावं बदलायला सांगणं मला पटत नाही, स्क्रिप्टनं शहाणं व्हावं. देवनागरीचं अजून एक: यूटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत आपलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, काना-मात्रा-वेलांटीसुद्धा वेगळी मोजली जाते. लिनक्सच्या ईएक्सटी४ फाइल सिस्टमवर फाइलच्या नावाला २५५ बाइटची मर्यादा, म्हणजे मराठीत जेमतेम ८५ चिन्हं. "मार्च अखेर अंतिम सुधारित पुन्हा तपासलेले" अशा नावांच्या कार्यालयात ही मर्यादा वाटते तेवढी लांब नाही.

शेलचेक नावाचं फुकट साधन पहिल्या दिवसापासून वापरा. अवतरण कुठं राहिलं, व्हेरिएबल कुठं वाया गेलं, हे ते ओळीच्या क्रमांकासह सांगतं आणि का तेही सांगतं. मला कुठल्याही शिक्षकापेक्षा जास्त त्यानंच शिकवलं. एआयकडून स्क्रिप्ट लिहून घेणारेही आसपास आहेत, मीही घेते, पण तीही शेलचेकमधून काढल्याशिवाय सर्व्हरवर नेत नाही. शिवाय एक गोष्ट शेलचेकबाहेरची आहे: आठवड्यापेक्षा जुन्या फाइली काढायला फाइल शोधणाऱ्या फाइंड कमांडमध्ये +७ लिहिलं तर पूर्ण आठ दिवस झालेल्या फाइलीच सापडतात, कारण दिवसाचा अपूर्णांक तो सोडून देतो. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर तो एक दिवस महागात जातो.

काय आवडलं नाही? चौकटी कंसात कुठं जागा सोडायची आणि बरोबरच्या चिन्हाभोवती कुठं अजिबात सोडायची नाही, याचा जाच. यादीतल्या सर्व्हरवर एकेक करून एसएसएच (दूरच्या मशीनवर शिरणं) करताना पहिल्याच सर्व्हरनंतर लूप संपतो, कारण एसएसएच उरलेली यादी स्वतःच गिळून टाकतं. एन हा पर्याय दिला की सुटतं, पण हे कळेपर्यंत डोक्याचा भुगा. दशांशातलं गणित बॅशला येत नाही. जेसन (माहिती मांडायचा एक साचा) आलं की मी सरळ पायथॉनकडे जाते. माझा ढोबळ नियम: स्क्रिप्ट एका स्क्रीनच्या बाहेर गेली की भाषा बदलायची वेळ आली.

विंडोज मशीनसाठी पॉवरशेल शिकायला नुकतंच घेतलंय. २००६ चं, २०१६ पासून लिनक्सवरही चालतं, आणि पाइपमधून मजकुराऐवजी ऑब्जेक्ट (नाव लावलेल्या रकान्यांची माहिती) पुढं पाठवतं, म्हणजे ऑकनं रकाने मोजत बसायला नको. कमांडची नावं लांबलचक, पण वाचून अर्थ लागतो. ज्यांच्याकडे सगळं विंडोजच आहे त्यांनी बॅशच्या वाटेला न जाता तिथंच सुरुवात करावी. आणि ज्यांच्याकडे पंचवीस-तीस सर्व्हर आहेत त्यांनी थोडं बॅश शिकून लवकर अनेक सर्व्हर एकदम सांभाळणाऱ्या अन्सिबलकडे वळावं. चार-पाच मशीनसाठी ते सध्या मला जड वाटतं.

टिप्पण्या मी मराठीत लिहिते. # नंतर काय आहे याच्याशी बॅशला देणंघेणं नाही. जूनमध्ये आलेला नवा मुलगा त्या वाचून स्क्रिप्ट समजून घेतो आणि वर आपल्या भर घालतो. एफलॉकच्या ओळीवर त्यानं लिहिलंय, "ही काढू नये, मॅडम ओरडतील."