मतांगीकार की अनुभव?

दृढीकरणाची, म्हणजे बाप्तिस्मा झालेल्याने आपला विश्वास स्वतः कबूल करण्याच्या विधीची, तयारी करणारी भाची विचारते, "मामा, प्रश्नोत्तरीचा वर्ग करू, की मैत्रिणीच्या प्रार्थनासभेला जाऊ? तिथे निदान काहीतरी वाटतं तरी."

मतांगीकार म्हणजे चर्चमध्ये सगळे मिळून म्हणतात ती विश्वासाची ठरलेली कबुली. प्रश्नोत्तरीच्या वर्गात ती प्रश्न-उत्तरांतून शिकवतात.

मेहनत: प्रश्नोत्तरीला बैठक लागते आणि सुरुवात रुक्षच असते. अनुभवाला पाठांतर नको, पण तो मागून मिळत नाही.

टिकाऊपणा: इथे पंडिता रमाबाईंकडे पाहावं. 1883 साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला, मग त्रैक्यासारख्या (पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव) सिद्धांतांवरून तिथल्या मठातल्या सिस्टरांशी पत्रांतून वाद घातले. ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त नव्हे, असं पुढे त्यांनीच सांगितलं. 1905 मध्ये केडगावच्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती, म्हणजे भक्तीची मोठी लाट, आली. मुली रडत, मोठमोठ्याने प्रार्थना करत. पण बाई त्या भरात वाहून गेल्या नाहीत. हिब्रू-ग्रीकशी झटून बायबल मराठीत आणायचं काम 1922 मध्ये निधन होईपर्यंत चालू ठेवलं.

धोका: नुसता मतांगीकार जिभेवरच राहतो. तरी मला अनुभवाचीच जास्त धास्ती वाटते. सभेत सगळ्यांना गहिवरून आलं आणि आपल्याला नाही, की माणूस स्वतःला दोष देतो, नाहीतर उसनं रडतो. शिवाय पुढाऱ्याचं म्हणणं ताडून बघायला हाताशी काही नसतं.

सोबत: मतांगीकार मन कोरडं असलेल्या रविवारीही सगळ्यांबरोबर म्हणता येतो.

चर्चमध्येच वाढलेल्या, सगळं तोंडपाठ असलेल्या भाचीने सभेला जरूर जावं, वर्ग न सोडता. नुकत्याच विश्वासात आलेल्या, भारावलेल्या माणसाने आधी प्रश्नोत्तरी घ्यावी. दुःखात असलेल्याला दोन्हींचा आग्रह नको. त्याला बायबलमधली स्तोत्रसंहिता पुरे.