बेनेडिक्टची ७२ वचनं की कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट? खान्देशातल्या ओपन सोर्स गटासाठी आचारसंहिता निवडताना

जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या कॉलेजांत ओपन सोर्सचे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला ठेवून सॉफ्टवेअर करणारे, गट जमतात ते बहुधा व्हॉट्सॲपवर. अहिराणीची शब्दसूची, केळीच्या बाजारभावाचं छोटं ॲप, जुन्या फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये आणणारा कन्व्हर्टर असं काहीतरी हाती घेतलं जातं, कोड ठेवायच्या गिटहब या संकेतस्थळावर रिपॉझिटरी, म्हणजे प्रकल्पाचं फोल्डर, उघडते. बाहेरच्या कुणाची पहिली पुल रिक्वेस्ट, म्हणजे कोडात बदल घेण्याची विनंती, आली की मग आचारसंहितेची फाइल आठवते. तयार मसुदे फुकट मिळतात. त्यांतले तीन इथे तपासले आहेत: एसक्यूलाइटची नीतिसंहिता, कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंटची २.१ आवृत्ती आणि उबुंटूची आचारसंहिता. दोनच गोष्टी पाहिल्या. भांडण झाल्यावर कागद कामाला येतो का? आणि देव मानणारा, न मानणारा, वेगळा देव मानणारा, अशा तिघांनाही तो मान्य करता येतो का?

वाचायला सगळ्यांत गोड मसुदा एसक्यूलाइटचा. हा डेटाबेस प्रत्येक अँड्रॉइड फोनमध्ये असतो. त्याचे कर्ते डी. रिचर्ड हिप आणि त्यांचे मोजके सहकारी. २०१८ च्या ऑक्टोबरात त्यांच्या आचारसंहितेकडे लोकांचं लक्ष गेलं आणि गदारोळ झाला, कारण ती म्हणजे सहाव्या शतकातल्या संत बेनेडिक्ट यांच्या मठनियमाच्या चौथ्या प्रकरणातली वचनं होती. ग्राहक कंपन्यांच्या नोंदणी फॉर्मात ‘आचारसंहिता’ असा रकाना असतो, तो भरायला हा मजकूर लावला होता. टीकेनंतर नाव बदलून ‘नीतिसंहिता’ झालं, वचनं तीच राहिली.

त्यांतली पुष्कळशी कोणत्याही गटाच्या भिंतीवर लावावीत अशी आहेत. रागाला वाट देऊ नको, डूख धरू नको, कुरकुर करू नको, कुणाची निंदा करू नको, भांडण झालं तर सूर्य मावळायच्या आत समेट कर. कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे एकमेकांचा कोड तपासताना, तीन दिवस एकमेकांना टोमणे मारणाऱ्या दोघांना हे शेवटचं वचन नक्की लागू पडतं. पण यादीची सुरुवातच देवावर सर्वस्वाने प्रेम करण्यापासून होते. पुढे देहाला शासन करणं आहे, उपवासाची गोडी लावून घेणं आहे, ख्रिस्ताच्या प्रेमापोटी शत्रूसाठी प्रार्थना करणं आहे. जैन घरातल्या मुलीला उपवास समजेल, ख्रिस्त तिचा नाही. निरीश्वरवादी पोराला यातलं निम्मं आपल्यासाठी लिहिलेलंच वाटणार नाही.

कर्त्यांनी हे ओळखून एक चांगली गोष्ट केली आहे. ही वचनं त्यांनी स्वतःला लावून घेतली. बाकी कुणी ती पाळावीत, माहीत असावीत किंवा पटावीत अशी अट नाही, आणि सॉफ्टवेअर सगळ्यांना खुलं आहे. मुक्ताईनगरहून आषाढीला पालखीबरोबर चालणारा माळकरी मांस-मद्य सोडतो, एकादशी धरतो. शेजारच्याने माळ घातली नाही म्हणून त्याला दंड मात्र करत नाही. तसंच हे. धर्मातून आलेली मूल्यं स्वतःचं व्रत म्हणून उत्तम चालतात. दुसऱ्याला लावायचा नियम म्हणून ती आणली की कोणाचा धर्म, हा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहतो.

दुसऱ्याला लावायच्या नियमावाचून एसक्यूलाइटचं अडत नाही. कोड सार्वजनिक मालकीचा, पण बाहेरून आलेला कोड ते सहसा घेत नाहीत. काम करणारे थोडे, एकमेकांना ओळखणारे. तुमच्या गटात दर जूनला नवे चेहरे येतात. शिवाय याच यादीत वरिष्ठ स्वतः चुकीचं वागले तरी त्यांच्या आज्ञा पाळा, असंही वचन आहे. मठात ते ठीक असेल. ज्या गटाचा मेंटेनर, म्हणजे प्रकल्प सांभाळणाराच, प्राध्यापक आहे आणि इंटर्नलचे मार्क त्याच्या हातात आहेत, तिथे हे वाक्य तक्रार करणाऱ्याचं तोंड बंद करतं. तक्रार कुणाकडे न्यायची, चौकशी कोण करणार, शिक्षा काय, यावर ७२ पैकी एकही वचन बोलत नाही. व्रत म्हणून पैकीच्या पैकी, नियम म्हणून शून्य.

कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट याच्या दुसऱ्या टोकाला. कोरलाइन एडा एम्के यांनी तो २०१४ मध्ये लिहिला, आणि सप्टेंबर २०१८ मध्ये लिनक्स कर्नलने, म्हणजे लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या प्रकल्पाने, त्याची १.४ आवृत्ती स्वीकारल्यावर तो घरोघरी पोचला. भाषा कोरडी, सरकारी परिपत्रकासारखी. देव कुठेच नाही. तरी चूक कबूल करणं, ज्याला लागलं त्याची माफी मागणं, त्यातून शिकणं हे चांगल्या वागणुकीच्या यादीत आहेच. हे कोणत्याही धर्माच्या माणसाला घरूनच माहीत असतं. फरक इतकाच की इथे त्याच्यामागे देवाचा हवाला नाही.

कामाचा भाग म्हणजे कारवाईच्या चार पायऱ्या. पहिलीत खाजगीत लेखी समज, हवी तर जाहीर माफी. दुसरीत ताकीद, आणि ठरावीक काळ संबंधित लोकांशी बोलणं बंद, सोशल मीडियावरूनसुद्धा. तिसरीत तात्पुरती बंदी, चौथीत कायमची. पायऱ्या आधी लिहिलेल्या असल्या की ऐनवेळी ‘जाऊ द्या भाऊ, आपलाच पोरगा आहे’ म्हणणाऱ्याला दाखवायला काहीतरी हाती असतं.

२.१ आवृत्तीच का, तर तिच्यात ‘जात’ आहे. २०२१ मध्ये भेदभावाच्या यादीत वंशाच्या जोडीला जात आणि त्वचेचा रंग आले. १.४ आणि २.० मध्ये ‘जात’ हा शब्द नाही. म्हणून दुसऱ्या रिपॉझिटरीतून फाइल उचलली असेल तर तळाशी आवृत्तीचा आकडा आधी बघा. आपल्याकडे ‘आडनाव काय? पाटील? कुठले पाटील?’ हा प्रश्न ओळखीच्या दुसऱ्याच वाक्याला येतो. लेवा, मराठा, गुजर असे सगळेच पाटील असल्यामुळे विचारणाऱ्याला तो साधा वाटतो. ऐकणाऱ्याला तो काय विचारतोय ते बरोबर कळतं. मराठीत उतरवताना नुसता ‘जात’ शब्द पुरणार नाही. ‘जात, जमात, पंथ, जन्मस्थान, बोली’ असं सविस्तर लिहा आणि खाली आडनावाचं हेच उदाहरण द्या. धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान ही यादी राज्यघटनेच्या कलम १५ मध्ये आहेच, त्यामुळे वाद घालायला फारशी जागा उरत नाही.

या मसुद्याची हमखास होणारी चूक म्हणजे संपर्काची जागा. मूळ मजकुरात चौकटी कंसात ‘इथे संपर्क लिहा’ असं असतं. कित्येक प्रकल्पांत तो कंस तसाच राहतो, म्हणजे तक्रार जाते कुठे तर कुठेच नाही. तिथे गटाचा वेगळा ईमेल घाला, कुणाचा खाजगी मोबाइल नको. तो वाचणारे दोघं असावेत, त्यांत एक बाई असावी, दोघं एकाच विभागाचे नसावेत, आणि विभागप्रमुख तर नकोच. तक्रार त्या दोघांपैकी एकाबद्दल असेल तर दुसऱ्याने एकट्याने पाहायची, हेही लिहून ठेवा.

दुसरी उणीव मुदतीची. मसुदा चौकशी तत्पर आणि न्याय्य होईल एवढंच म्हणतो, दिवस सांगत नाही. पोच ४८ तासांत, निर्णय १४ दिवसांत, असं आपलं आपण घाला. सेमिस्टरची परीक्षा मध्ये आली तर मुदत किती वाढेल तेही. लैंगिक छळाची तक्रार असेल तर ती कॉलेजच्या अंतर्गत तक्रार समितीकडेच जायला हवी. जातिवाचक शिवीगाळ झाली असेल तर १९८९ चा अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे. गिटहबवरची फाइल या दोन्हींच्या जागी उभी राहू शकत नाही, हे वाक्य तिच्यातच हवं.

धर्माचा खरा पेच मजकुरात कमी आणि वेळापत्रकात, ताटात जास्त असतो. इंग्रजी मसुदा तिथे काहीच मदत करत नाही. म्हणून सोबत एक पुरवणी फाइल ठेवा. लिनक्सनेसुद्धा २०१८ मध्ये मजकुराचा अर्थ सांगणारं वेगळं पान जोडलं होतं. पुरवणीत काय असावं? शुक्रवारी दुपारी एक ते अडीच बैठक नको. रमजानमध्ये संध्याकाळची हॅकेथॉन ठेवली तर इफ्तारला अर्धा तास मोकळा सोडा. श्रावणातल्या कानबाईच्या रविवारी कोडिंग स्प्रिंट लावली तर अर्ध्या खुर्च्या रिकाम्या राहतील. भरीत-पुरीची पार्टी आपल्याला सगळ्यांना चालणारी वाटते, पण चातुर्मासात वांगं आणि कांदा-लसूण सोडणारी घरं बरीच आहेत, आणि जैन मित्राचा प्रश्न तर बारमाही. नोंदणीच्या फॉर्मात ‘काय चालत नाही’ असा एक रकाना पुरतो. कारण विचारू नका.

कार्यक्रमाच्या सुरुवातीचा नारळ आणि सरस्वतीपूजन हा नाजूक भाग. बंदी घातली तर भांडण, सक्ती केली तरी भांडण. कार्यक्रमपत्रिकेत दिलेल्या वेळेच्या पंधरा मिनिटं आधी ज्यांना करायचं ते करतील, दहा वाजले की पहिलं सत्र सुरू, एवढं ठरवलं की बहुतेक ठिकाणी भागतं. ग्रुपवर राम राम, जय भीम, सलाम सगळं चालेल. देवांचे गुड मॉर्निंग फोटो मात्र कामाच्या ग्रुपवर नकोत, कोणत्याच देवाचे. त्यांना वेगळा गप्पांचा ग्रुप काढून द्या.

उबुंटू या लिनक्सवरच्या ऑपरेटिंग सिस्टिमची आचारसंहिता थोडक्यात. विचारी असा, आदराने वागा, आपल्या शब्दांची आणि कृतीची जबाबदारी घ्या, मदत मागायला लाजू नका; वाचायला छान, कारवाईच्या पायऱ्यांत सैल. तिची उचलण्यासारखी गोष्ट म्हणजे सही. उबुंटूचं सदस्यत्व हवं असेल तर आपली ओपनपीजीपी किल्ली (डिजिटल सहीसाठी लागणारी) लाँचपॅड या उबुंटूच्या संकेतस्थळावर नोंदवून संहितेच्या मजकुरावर डिजिटल सही करावी लागते. पहिल्या वर्षाच्या पोरांना किल्ली बनवण्यातच संध्याकाळ जाईल. त्यापेक्षा पहिल्या पुल रिक्वेस्टमध्ये ‘आचारसंहिता वाचली’ असा टिकबॉक्स द्या.

तेव्हा घ्यायचा तो कॉन्ट्रिब्युटर कोव्हेनंट २.१. नुकसान भरून काढण्यावर जास्त भर देणारी ३.० आवृत्ती २०२५ मध्ये आली आहे. नवा गट असेल तर तीही वाचून घ्या, आधीच २.१ चालू असेल तर घाईने बदलू नका. बेनेडिक्टची आवडलेली वचनं, कुणाला भावलेली ओवी, बुद्धवचन किंवा हदीस हे सगळं ‘व्रत’ नावाच्या वेगळ्या फाइलमध्ये जाऊ द्या. तिच्यावर सही ऐच्छिक, तिच्या आधारे कारवाई कधीच नाही.

आचारसंहितेची फाइल रिपॉझिटरीच्या मुळाशी किंवा डॉक्स फोल्डरमध्ये ठेवली की गिटहब ती ओळखून बाजूच्या पट्टीत दाखवतं. एकाच संघटनेच्या अनेक रिपॉझिटरी असतील तर टिंबाने सुरू होणाऱ्या ‘.गिटहब’ नावाच्या सार्वजनिक रिपॉझिटरीत (नाव इंग्रजीत, .github) एक प्रत ठेवली की ज्यांत स्वतःची फाइल नाही त्या सगळ्यांना ती लागू होते. फाइलचं नाव मात्र इंग्रजीत हवं, शक्यतो CODE_OF_CONDUCT.md असं; मराठीत ठेवलं तर पट्टीत दिसत नाही. मराठी प्रत वेगळी ठेवून इंग्रजी फाइलच्या पहिल्या ओळीत तिचा दुवा द्या. मजकूर बदलला तरी तळाची श्रेयाची ओळ काढू नका, २.१ चा क्रिएटिव्ह कॉमन्स परवाना त्याच अटीवर मिळतो.