वाक्यागणिक क्रियापद की तुकड्यागणिक?

अभिनय शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या संहितेत संवादांच्या कडेला ‘रागाने’, ‘दुःखाने’, ‘हताशपणे’ असे शेरे असले, की तो त्या भावनेची ठरीव नक्कल करू लागतो आणि समोरच्या पात्राकडे त्याचे लक्षच राहत नाही. म्हणून शेऱ्याऐवजी समोरच्यावर काय करायचे ते क्रियापदात लिहावे, हे बहुतेक नाट्यशिक्षकांना मान्य असते. निवड करावी लागते ती पुढे: क्रियापद प्रत्येक वाक्याला द्यावे, की प्रसंगाच्या एकेका तुकड्याला?

पहिली पद्धत ब्रिटिश दिग्दर्शक मॅक्स स्टॅफर्ड-क्लार्क यांच्या नावाशी जोडली जाते. नटमंडळी टेबलाभोवती बसून प्रत्येक नव्या विचारासाठी एक सकर्मक क्रियापद ठरवतात. रात्री उशिरा परतलेल्या मुलाला वडील विचारतात, ‘जेवलास का?’ इथे ‘चाचपणे’ ठरले, तर वडिलांची नजर मुलाच्या चेहऱ्यावर खिळते. ‘टोचणे’ ठरले, तर ते वर्तमानपत्रातून मानही वर काढत नाहीत. आणि ‘चुचकारणे’ ठरले, तर ताट घ्यायला स्वतःच उठतात. ‘मी तुला डिवचतो’ म्हणता येते, ‘मी तुला रडतो’ म्हणता येत नाही, एवढी कसोटी नवख्यालाही पुरते. मात्र या पद्धतीला वेळ फार लागतो, आणि सहकलाकाराने आज वेगळाच प्रतिसाद दिला तरी कालचेच क्रियापद रेटत राहण्याची खोड काहींना लागते.

दुसरी पद्धत रशियन दिग्दर्शक आणि अभिनयशिक्षक स्तानिस्लाव्हस्की यांची. नाटकाचे तुकडे पाडावेत आणि प्रत्येक तुकड्यातले पात्राचे उद्दिष्ट नामाने नव्हे, तर क्रियापदाने सांगावे, असा त्यांचा आग्रह होता. वरच्या प्रसंगात ‘मुलाकडून कबुली काढून घेणे’ एवढेच ठरते आणि ती कशी काढायची, हे तालमीत समोरच्याकडे पाहून सापडते. यात मोकळीक आहे. पण कच्चा विद्यार्थी याच मोकळिकीत लपतो आणि दीड पान एकाच पट्टीत ओढतो.

महिन्याभरात एकांकिका उभी करायची असेल, तर मी निःशंकपणे तुकड्यांची पद्धत सुचवेन. अख्ख्या संहितेला वाक्यागणिक क्रियापदे लावत बसल्यास हालचाली बसवायला वेळच उरत नाही. वर्षभराच्या वर्गात मात्र उलट करावे, म्हणजे पहिल्या सत्रात दोनच पाने घेऊन वाक्यागणिक काम करावे, कारण विद्यार्थ्याचा क्रियापदांचा साठा तिथेच वाढतो, आणि तो वाढल्याशिवाय तुकड्याचे उद्दिष्टही ‘समजावणे’, ‘सांगणे’ असल्या मिळमिळीत शब्दांवर अडते. एकांकिकेतही एखादा तुकडा अडून बसला, तर तेवढ्यापुरते वाक्यावर यावे.

स्वगताला मात्र, वेळ कितीही कमी असला तरी, वाक्यागणिकच जावे. तिथे उत्तर देणारे कोणी नसते. त्यामुळे या वाक्यात पात्र स्वतःला धमकावते आहे, देवाला जाब विचारते आहे की प्रेक्षकांना आपल्या बाजूला ओढते आहे, हे आधी ठरवले नाही तर उरते ते केवळ पाठांतर.