काजूपासून श्रावणापर्यंत: घरच्या आइस्क्रीम मशीनचा अनुभव

मी गोव्यात फोंड्याला राहते. जानेवारीच्या शेवटी घरी आइस्क्रीम मशीन आणलं. भांडं आधी फ्रीझरमध्ये गोठवून घ्यावं लागतं त्या प्रकारचं, दीड लिटरचं. आता श्रावण चालू आहे. मधल्या महिन्यांत काजू, आंबा, फणस, कोकम, अननस, नारळ असं सगळं त्यातून फिरून निघालं. 'घ्यावं का?' असं ओळखीतल्या बऱ्याच जणी विचारतात. माझं उत्तर 'हो' आहे, पण ते मशीनच्या कौतुकापेक्षा आपल्या फळांमुळे जास्त आहे. म्हणून इथे मशीनबद्दल थोडं आणि फळांबद्दल बरंच लिहिते.

मशीन म्हणजे तसं फार काही नाही. भांड्याच्या दुहेरी भिंतींमध्ये एक द्रव भरलेला असतो. तो पुरता गोठला की वीस-पंचवीस मिनिटं भांड्याची भिंत बर्फाचं काम करते. भांडं फिरतं, मधलं प्लास्टिकचं पातं जागच्या जागी राहतं आणि भिंतीला धरलेला पातळ थर सतत खरवडला जातो. या खरवडण्यातच सगळं आहे. आमरस डब्यात घालून नुसता फ्रीझरमध्ये ठेवला तर पाणी सावकाश गोठतं, बर्फाचे मोठे कण होतात आणि दाताखाली कचकचतात. झटपट गोठवलं आणि हलवत राहिलं की कण इतके बारीक राहतात की जिभेला कळतही नाहीत. हाताने फिरवायच्या लाकडी पॉटमध्येही हेच घडतं. तिथे बर्फात खडं मीठ घातलं की तापमान शून्याच्या बरंच खाली उतरतं. आमच्याकडे तो पॉट अजून आहे आणि पेडण्याच्या आगरवाड्यातल्या मिठागरांचं खडं मीठही घरात असतं. वीस-पंचवीस माणसं जेवायला असली तर मी आजही पॉटच काढीन. चार-पाच जणांसाठी, मंगळवारच्या साध्या संध्याकाळी, बर्फाची लादी न आणता काही करायचं तर हे मशीन.

घेण्याआधी फ्रीझर मोजा. हे मी सगळ्यांना पहिलं सांगते. भांडं रुंद आणि उंच असतं, एका दाराच्या फ्रिजच्या वरच्या कप्प्यात बहुधा शिरतच नाही. शिरलं तरी तिथे उणे 18 अंश तापमान मिळायला हवं. भांडं पुरतं गोठायला एक अख्खा दिवस धरून चाला. बाहेर काढून कानाशी हलवायचं, आत पाणी डुचमळल्याचा आवाज आला तर परत आत ठेवायचं. मे महिन्यात वीज तासन्‌तास गेली की भांडं अर्धवट वितळतं आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दिवसाला एकच घाणा निघतो तो यामुळेच. दुसरं भांडं सुटं मिळत असेल आणि फ्रीझरमध्ये जागा असेल तर ते जरूर घ्या. कॉम्प्रेसर असलेल्या, म्हणजे स्वतःच गार करणाऱ्या मशीनला ही भानगड नाही, पण ती कितीतरी पट महाग असतात आणि ओट्यावर केवढी तरी जागा अडवतात.

आता आंबा. यावर माझं ठाम मत झालं आहे, कुणाला पटो न पटो: मानकुरादचं दूध घालून आइस्क्रीम करू नये. 2023 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालेला हा आंबा हंगामाच्या तोंडाला डझनाला काही हजारांनी विकला जातो. त्याचा जो सुवास आहे तो क्रीममध्ये दबून जातो, आणि थंडीने जिभेची चव आधीच अर्धी झालेली असते. एवढा आंबा घालून शेवटी हाती येतं ते 'कुठलं तरी मँगो'. मानकुरादचं सॉर्बे, म्हणजे दूध-क्रीम न घालता नुसत्या फळाचं आइस्क्रीम, मात्र करावं. सहाशे ग्रॅम गर, नव्वद ग्रॅम साखर, अर्धी वाटी पाणी, एका लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ. बस. मिश्रण फ्रिजमध्ये चार तास अगदी गार करायचं आणि मग मशीनमध्ये ओतायचं. लिंबू आंबटपणासाठी नाही, गोठल्यावर मंदावलेली चव उठून यावी म्हणून आहे.

क्रीमच्या आइस्क्रीमला मुसराद घ्यावा. मुसरादचा मांगाड (आंब्याचा आटवलेला जॅम) करतात तो उगाच नाही. त्याचा गर आटवला तरी तोंडाला लागेल असा राहतो. चारशे ग्रॅम गर जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर एक तृतीयांश कमी होईपर्यंत आटवायचा. फळातलं पाणी जितकं कमी तितकं आइस्क्रीम मऊ, हे या महिन्यांत माझ्या हाताला बसलं आहे. गर निवला की त्यात पाव लिटर दूध, एक लहान पॅकेट क्रीम, सव्वाशे ग्रॅम साखर आणि तीन मोठे चमचे दूध पावडर. दूध पावडर विसरू नका. ती मोकळं पाणी धरून ठेवते. दुकानातल्या आइस्क्रीममध्ये जे काम निरनिराळी स्टॅबिलायझर करतात त्यातलं निम्मं ती करते.

साखर कमी करण्याचा मोह बऱ्याच जणांना होतो. आरोग्यासाठी वाटीभर कमी खा, पण कृतीतली साखर कापू नका. साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते. ती कमी पडली की दुसऱ्या दिवशी डब्यात चमचा शिरत नाही. रसाच्या सॉर्बेत साखर बरोबर आहे की नाही हे पाहायची एक जुनी युक्ती आहे: धुतलेलं कच्चं अंडं सालासकट रसात सोडायचं. ते बुडालं तर साखर कमी. वर आलं आणि नाण्याएवढा गोल पृष्ठभागावर दिसला तर योग्य. दाट गरात ही युक्ती चालत नाही, कोकम, अननस यांच्या रसात छान चालते.

या सगळ्यात माझं सर्वांत लाडकं निघालं ते मात्र फळाचं नाहीच. नारळाचा रस आणि माडाचा गूळ. गरम दुधात गूळ घातला की दूध फाटायची भीती, म्हणून गुळाचं आइस्क्रीम करायला लोक कचरतात. नारळाच्या रसाला ती भीती नाही, आणि आपल्या घरांत तर मणगण्यापासून (चण्याच्या डाळीची, गूळ आणि नारळाच्या रसातली खीर) पातोळ्यांपर्यंत गूळ-नारळ ही जोडी ठरलेलीच आहे. दोन नारळांचा पहिला दाट रस वेगळा काढून ठेवायचा. दुसऱ्या पातळ रसात दीडशे ग्रॅम माडाचा काळा गूळ विरघळवून गाळून घ्यायचा, त्यात चमचाभर तांदळाचं पीठ कालवून दाटसर होईतो शिजवायचं. गॅस बंद करून, जरा निवल्यावरच दाट रस घालायचा. तो उकळला तर तेल सुटतं आणि आइस्क्रीम जिभेवर मेणचट लागतं. वेलची, मीठ, आणि शेवटच्या पाच मिनिटांत तुपावर परतलेले काजूचे तुकडे. गुळातल्या साखरेत ग्लुकोज-फ्रुक्टोजही असतं, त्यामुळे तो साध्या साखरेपेक्षा जास्त मऊपणा देतो. तरीही खोबऱ्यातला स्निग्धांश थंडीत घट्ट होतो, म्हणून वाढायच्या पाव तास आधी डबा बाहेर काढून ठेवावा.

सासूबाईंनी पहिला चमचा खाल्ला आणि म्हणाल्या, "तुवें मणगणेंच थंड केलां गो!" मी म्हटलं, "आई, चण्याची डाळ तेवढी राहिली." पुढच्या खेपेला त्यांनी स्वतः मऊ शिजवलेली डाळ मूठभर आणून दिली, ती घातली, आणि आता आमच्याकडे ते तसंच होतं. शेजारच्या आंटीच्या घरून बिबिंक, म्हणजे थराथरांचा गोड केक, आली होती तेव्हा ती किंचित गरम करून तिच्यासोबत हे आइस्क्रीम वाढलं. त्या बिबिंकेत अंड्याचे बलक, नारळाचा रस, तूप, एकेक थर भाजण्यात गेलेली दुपार. तिच्या शेजारी थंड, गुळमट, जरा खारट असं काही हवंच होतं. आंटीने लगेच कृती लिहून नेली.

फणसात रसाळ घ्या, कापो घेऊ नका. कापोचे गरे खायला उत्तम, पण त्यांचा चोथा पात्यात अडकतो. रसाळ चाळणीवर चोळून घेतला की रेशमी गर मिळतो आणि तो नारळाच्या रसाबरोबरच शोभतो. मात्र भांड्याच्या झाकणाच्या रबराला वास राहतो. सोड्याच्या पाण्यात रात्रभर ठेवल्यावरच तो गेला.

काजूच्या बोंडांसाठी मार्च-एप्रिलमध्ये थोडी मेहनत घ्यायची तयारी हवी. नीरो, म्हणजे बोंडांचा ताजा रस, गोड आणि सुगंधी असतो, पण टॅनिन या तुरट घटकामुळे घशाला धरतो, आणि उन्हात काही तासांतच आंबायला लागतो. साबुदाण्याची पातळ पेज त्यात घालून ढवळून ठेवली की तुरटपणा गाळाबरोबर तळाशी बसतो. वरचा निवळ रस घ्यायचा, साखर, लिंबू, मीठ आणि एक उभी चिरलेली हिरवी मिरची थोडा वेळ बुडवून काढायची. या सॉर्बेला मी आंब्याच्या बरोबरीने मान देते. काहींना त्यात फेणी हवी असते. फेणीत सुमारे 42 टक्के मद्यार्क असतो. लिटरभर मिश्रणात दोन मोठे चमचे घातले तर सॉर्बे मऊ राहतं, पेलाभर ओतली तर ते गोठायचं नाव घेत नाही.

अननस सावईवेऱ्याकडचा चांगला पिकलेला मिळाला तर कच्चा दुधात कधीही घालू नका. त्यातलं ब्रोमेलिन हे एन्झाइम दुधातली प्रथिनं तोडतं आणि मिश्रण कडवट होतं. दहा मिनिटं साखरेत शिजवला की ते निष्क्रिय होतं. कलिंगड मी यातून बाद केलं आहे. नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असलेल्या फळाला मशीन काय करणार? पर्रा गावचं असो नाहीतर कुठलंही, ते फोडी करून खावं, फार तर साच्यात घालून काडीवर गोठवावं. कोकमाचं सॉर्बे रंगाला अप्रतिम होतं. साखरेत उन्हात मुरवलेल्या सालींचं पाक वापरायचं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) नाही, त्यात मीठ फार असतं.

सेराडुरा हा क्रीम-बिस्किटांचा थंड गोड पदार्थ मी याच हौसेत शिकले, पण त्याला मशीन लागत नाही. लागतं ते 35 टक्क्यांच्या वर स्निग्धांश असलेलं क्रीम. साधं 25 टक्क्यांचं पॅकेट कितीही घुसळा, उभं राहत नाही. आपल्या उन्हाळ्यात वाडगा आणि घुसळणीही आधी फ्रीझरमध्ये ठेवावी लागते. कंडेन्स्ड मिल्क, क्रीम आणि मारी बिस्किटांचा चुरा, एवढंच. पाहुणे आले आणि भांडं गोठलेलं नसलं की हेच कामाला येतं.

मशीनच्या उणिवा सांगते. आवाज चांगलाच मोठा आहे, दूरदर्शनवर बातम्या चालू असतील तर स्वयंपाकघराचं दार लावून घ्यावं लागतं. मिश्रण दाट झालं की मोटर अडखळते. पातं प्लास्टिकचं आहे आणि भिंतीपर्यंत पुरतं टेकत नाही, म्हणून कडेला बोटाएवढा जाड थर गोठून राहतो. तो लाकडी चमच्यानेच काढायचा, स्टीलच्या उलथण्याने भांड्यावर चरे पडतात. भांडं गरम पाण्यात धुवायचं नाही, पुसून पूर्ण कोरडं केल्याशिवाय फ्रीझरमध्ये ठेवायचं नाही. पावसाळ्याच्या दमट हवेत हे कोरडं करणं कंटाळवाणं काम आहे. लिटरपेक्षा जास्त मिश्रण ओतू नका, डब्यावर दीड लिटर छापलेलं असलं तरी. फिरताना हवा मिसळून ते वर येतं. आणि मशीनमधून निघतं ते सॉफ्टीसारखं मऊ असतं, वाट्यांत गोळे काढायचे तर आणखी तीन-चार तास फ्रीझर हवाच.

ज्यांच्या घरी वर्षाकाठी दोनदाच आइस्क्रीम होतं त्यांनी हे घेऊ नये. ज्यांच्या परसात माड आहे, मे महिन्यात नातेवाइकांकडून पाट्या भरून आंबे-फणस येतात आणि काय करू नि काय नको असं होतं, त्यांनी घ्यावं. मानकुराद पहिल्या पावसाबरोबर संपतो, पण गर सपाट पिशव्यांत गोठवून ठेवला तर चतुर्थीला सॉर्बे करता येतं. मी ठेवला आहे.

साठवण्याबद्दल विचारणाऱ्यांसाठी: उथळ डबा घ्या, वर बटरपेपर चिकटवून मगच झाकण लावा, डबा फ्रीझरच्या दारात न ठेवता आत मागच्या बाजूला ठेवा. स्टॅबिलायझर नसल्यामुळे आठवडाभरात संपवा. त्यानंतर बर्फाचे कण मोठे व्हायला लागतात.