लग्नाआधीची ‘डीएनए टेस्ट’ आणि घरी येऊन सॅम्पल नेणारी माणसं

लग्न ठरलेल्या घरांत सध्या असे फोन येतात. लग्नाआधीची डीएनए टेस्ट करा, रक्त काढायचं नाही, आमचा माणूस घरी येईल, गालातून कापूस फिरवेल, दोन आठवड्यांत रिपोर्ट मोबाइलवर. माझ्या भाचीच्या लग्नाच्या वेळी आम्हालाही असाच फोन आला. मुलगा-मुलगी मिळून तेरा हजार रुपये गेले आणि हातात आला तो बनावट रिपोर्ट. त्या रिपोर्टवर आम्ही विसंबलो असतो तर पुढे काय झालं असतं, हे नुसतं मनात आलं तरी अंगावर काटा येतो.

आमच्या घरात थॅलेसेमिया मायनर आहे, म्हणजे थॅलेसेमिया या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचा दोष आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच आलेला. ताईच्या मोठ्या मुलीच्या वेळी नवरा-बायको दोघंही मायनर निघाले, म्हणून गरोदरपणात अकराव्या-बाराव्या आठवड्यात गर्भाची तपासणी करावी लागली. तेव्हाच आमच्या घरात जनुकातला नेमका कोणता दोष चालत आलाय, हे कागदावर आलं. त्याचं नाव आयव्हीएस १-५. भारतात बीटा थॅलेसेमियात सर्वांत जास्त सापडणारा दोष हाच. धाकटीची, म्हणजे आता लग्न ठरलेल्या या भाचीचीही तेव्हाच तपासणी झाली आणि तिच्यातही तोच निघाला. मायनर माणसाला स्वतःला सहसा त्रास नसतो, पण जोडीदारही मायनर असेल तर प्रत्येक गरोदरपणात बाळ मेजर असण्याची शक्यता २५ टक्के. मेजर म्हणजे दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवणं, तेही जन्मभर. म्हणून होणाऱ्या जावयाची तपासणी आम्हाला हवीच होती. फोनवरच्या बाई म्हणाल्या, “आमच्या पॅकेजमध्ये थॅलेसेमिया येतोच, वेगळी रक्ततपासणी कशाला?”

पैसे आधीच मागितले, तेही एका माणसाच्या वैयक्तिक यूपीआयवर. सॅम्पल न्यायला मुलगा आला तेव्हा सगळ्यांचा चहा नुकताच झाला होता. कधी काय खाल्लं-प्यायलं, हे त्याने विचारलंसुद्धा नाही. दोघांना एकच हातमोजे. गालात कापूस जेमतेम टेकवला आणि ओल्या काड्या प्लास्टिकच्या एकाच पिशवीत टाकल्या. ना नाव, ना नंबर, ना संमतीपत्रावर सही. भाची फार्मसी शिकलेली. तिने बारकोडचं विचारलं तर म्हणाला, “ते ऑफिसात लागतं.” तिने त्या पिशवीचा फोटो काढून ठेवला. आज आमच्या तक्रारीतला सगळ्यात ठोस पुरावा तोच आहे.

रिपोर्ट आला गुळगुळीत, रंगीत, पानंच्या पानं. थॅलेसेमियाच्या रकान्यात तपासलेल्या दोषांची यादी होती, तिच्यात आयव्हीएस १-५ होताच, आणि भाचीच्या नावापुढे लिहिलं होतं ‘आढळला नाही’. जावयाच्या नावापुढेही तेच. मग दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून पाहिले. एक बाई, एक पुरुष, दोन वेगळ्या घरांतले, तरी नाव आणि वय सोडलं तर कोष्टकातला प्रत्येक आकडा सारखा. फोन केला तर उत्तर मिळालं, “तुमची जुनी तपासणी चुकली असेल, डीएनए म्हणजे फायनल.” आमच्या रक्तविकारतज्ज्ञ डॉक्टरांनी दोन्ही कागद पाहिले आणि सरळ सांगितलं की हा दोष खरंच तपासला असता तर तो हिच्यात दिसायलाच हवा होता. एक तर सॅम्पल दुसऱ्याचं, नाहीतर तपासणी झालेलीच नाही.

रिपोर्टवर एनएबीएलचा, म्हणजे लॅबना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेचा शिक्का होता. त्याखालचा क्रमांक एनएबीएलच्या वेबसाइटवर टाकला तेव्हा तो परराज्यातल्या एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबचा निघाला. मान्यतेच्या यादीत जनुकीय चाचणी नाहीच. हे कुणालाही घरबसल्या पाहता येतं. क्रमांक टाका, लॅबचं नाव जुळतंय का बघा, आणि आपली चाचणी त्या यादीत आहे का तेही बघा. नुसत्या शिक्क्याला काही अर्थ नाही.

घरी सॅम्पल घेण्यात मुळात वावगं काही नाही, चांगल्या लॅबही घेतात. पण तो प्रकार वेगळा असतो. आधी अर्धा तास काही खायचं-प्यायचं नाही. प्रत्येकासाठी नवे हातमोजे. दोन्ही गालांच्या आतून जोर देऊन प्रत्येक काडी अर्धा मिनिट तरी फिरवायची, कापसाला हात लावायचा नाही. मग काडी वाळू द्यायची आणि कागदी पाकिटात ठेवायची, कारण प्लास्टिकमध्ये ओल राहते, जंतू आणि बुरशी वाढते आणि डीएनए खराब होतो. पाकिटावर नाव, जन्मतारीख, क्रमांक तुमच्या डोळ्यांदेखत पडतो, तुमच्यासमोर ते बंद होतं आणि त्यावर सही होते. एवढं झालं नाही तर पिशवी घराबाहेर जाऊ देऊ नका. सॅम्पल कुणाचं हेच सांगता येत नसेल तर पुढची कितीही भारी मशीन काय करणार?

याच लोकांनी नंतर ताईच्या शेजाऱ्यांना वारसाहक्काच्या भांडणासाठी पितृत्व चाचणी ‘कोर्टात चालेल’ म्हणून विकायचा प्रयत्न केला. मला या गोष्टीचा फार राग येतो. कोर्टासाठीच्या चाचणीत ओळखपत्र, फोटो, साक्षीदार, सीलबंद पाकीट आणि ते कुणाच्या हातून कुणाकडे गेलं याची नोंद लागते. दिवाणखान्यात घेतलेली बेनामी काडी तिथे टिकत नाही, आणि घरातली नाती मात्र त्या खोट्या कागदावर कायमची तुटू शकतात.

आम्ही सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. ऑनलाइन पैसे गेले असतील तर हा नंबर जितक्या लवकर लावाल तितकं बरं, पैसे पुढे सरकायच्या आत खातं गोठवता येतं. आमचे अजून मिळालेले नाहीत. ग्राहक आयोगातही अर्ज दिलाय. फोनवरच्या बाईंचा नंबर बंद आहे, पण तीच जाहिरात वेगळ्या नावाने अजून फिरतेय.

जावयाची एचपीएलसी नंतर सरकारी रुग्णालयात करून घेतली. हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी साधी रक्ततपासणी, खाजगीतही काही शे रुपयांत होते. त्यातला एक प्रकार, एचबीए२, साधारण ३.५ टक्क्यांच्या वर गेला तर मायनरचा संशय घेतात, सोबत सीबीसी या नेहमीच्या रक्ततपासणीतला एमसीव्ही, म्हणजे तांबड्या पेशींचा सरासरी आकारही पाहतात. शरीरात लोह कमी असेल तर एचबीए२ थोडं कमी दिसू शकतं, म्हणून आकडा डॉक्टरांनाच दाखवावा. त्याचं नॉर्मल आलं. गालातल्या कापसावरचा असा ‘आढळला नाही’ रिपोर्ट हाती घेऊन ज्यांची लग्नं ठरली आहेत, त्यांनी दोघांचीही ही तपासणी मूल होऊ देण्याआधी करून घ्यावी. लग्न झालं असेल तरीही.