टोकन स्ट्रीम: आधीच भरलेला अ‍ॅरे की मागितल्यावर एकेक टोकन?

स्वतः रिकर्सिव्ह डिसेंट पार्सर (व्याकरणाच्या प्रत्येक नियमासाठी एक फंक्शन लिहून कोडची रचना ओळखणारा भाग) लिहिणार असाल, तर लेक्सरने (कोडची टोकनं, म्हणजे शब्द-चिन्हांसारखे तुकडे पाडणारा भाग) सगळी फाइल आधीच अ‍ॅरेत भरावी की पार्सर मागेल तसं टोकन द्यावं, हे पहिल्याच दिवशी ठरवा. आमचा कौल अ‍ॅरेला, एक मोठा आणि एक छोटा अपवाद सोडून.

अ‍ॅरेत बॅकट्रॅकिंग (वाट चुकली तर मागे येऊन दुसरी पाहणं) जवळपास फुकट पडतं. मार्क म्हणजे इंडेक्स लक्षात ठेवणं, रीसेट म्हणजे तो परत लावणं. मेमरीची धास्ती बहुधा अनाठायी असते. टोकनमध्ये मजकुराची प्रत ठेवूच नका. प्रकाराला १ बाइट आणि सुरुवातीच्या ऑफसेटला (फाइलमधल्या जागेला) ४ बाइट पुरतात. दोन्ही वेगवेगळ्या अ‍ॅरेत ठेवले तर १० लाख टोकनं ५ एमबीत मावतात. एकाच स्ट्रक्टमध्ये कोंबले तर अलाइनमेंटपायी (४ च्या पटीत जागा घेतल्यामुळे) ८ एमबी जातात. ओळ क्रमांक एरर दाखवतानाच काढावा. झिग या भाषेचा कंपायलर याच धर्तीवर चालतो.

मोठा अपवाद म्हणजे व्याकरण कळल्याशिवाय टोकन ठरत नाही अशी भाषा. जावास्क्रिप्टमध्ये `)` नंतर `/` आला तर तो भागाकार की रेजेक्सची (मजकूर शोधण्याच्या नमुन्याची) सुरुवात? `(अ) / ब` मध्ये भागाकार, पण इफच्या अटीचा कंस असेल तर रेजेक्स. हे पार्सरलाच ठाऊक, म्हणून इथे मागणीनुसार लेक्सिंग सोपं पडतं. मात्र पीक केलेलं (न उचलता पुढे डोकावून पाहिलेलं) टोकन जुन्या मोडमध्ये (भागाकार की रेजेक्स, यातल्या आधीच्या समजुतीने) आधीच कापलेलं असतं. मोड बदलताना पीक बफर रिकामा करा आणि लेक्सर त्यातल्या पहिल्या टोकनच्या सुरुवातीला न्या. हे राहिलं, तर चूक फक्त लुकअहेड (असं डोकावणं) झालेल्या वाटेवरच दिसते आणि शोधताना घाम फुटतो. टाइपस्क्रिप्टचा पार्सर आधी साधा `/` घेतो आणि एक्स्प्रेशन अपेक्षित असेल तिथे तोच पुन्हा स्कॅन करायला सांगतो.

जेनेरिक्समध्ये (टाइपला टाइप पॅरामीटर देताना) दोन कंस एकत्र मिटताना येणाऱ्या `>>` साठी एवढा खटाटोप नको: प्रत्येक `>` सुटा ठेवा, सोबत ‘पुढचं चिन्ह चिकटून आहे’ असा फ्लॅग द्या, शिफ्ट ऑपरेटर पार्सर जोडेल. पायथनसारख्या इंडेंटलाही लेक्सरमधला स्टॅक पुरतो. रेपलमध्ये (एकेक ओळ टाइप करून लगेच चालवण्याच्या सोयीत, हा छोटा अपवाद) मात्र मागणीनुसारच बरं. फाइल संपण्याची वाट बघत बसता येत नाही.

कॉलबॅकने टोकन ढकलायचा तिसरा मार्ग लेमनसारख्या पार्सर जनरेटरला (व्याकरणावरून पार्सर तयार करणाऱ्या साधनाला) शोभतो. हाताने लिहिलेल्या पार्सरमध्ये तो कंट्रोल फ्लो उलटा करून ठेवतो.

काहीही निवडा, पार्सरला पीक, नेक्स्ट, मार्क, रीसेट एवढंच दिसू द्या. शेवटानंतर नेक्स्ट कितीदाही बोलावला तरी ईओएफच (फाइल संपल्याचं टोकन) मिळायला हवा, नाहीतर अर्धवट फाइलवर एरर रिकव्हरी अ‍ॅरेच्या बाहेर धावते.