पहाट, शाळेची वेळ की रात्र? मुलांसाठी लिहिणाऱ्या पालकांसाठी एक तुलनात्मक आढावा

मुलांसाठी आणि कुमारांसाठी लिहिणाऱ्याची संसारातील अडचण इतर लेखकांच्या अडचणीपेक्षा एका बाबतीत वेगळी असते. घरातील मूल त्याच्या वेळेवर सर्वांत आधी हक्क सांगते, आणि त्याच्या लेखनाला बळ पुरवणारे कुतूहल, भीती, हट्ट व भाषाही बहुधा त्याच मुलाकडून येते. म्हणून अशा लेखकासमोर दोन प्रश्न असतात : लिहायला वेळ कोणता काढायचा, आणि घरातले किती पुस्तकात न्यायचे. या विषयावरचे बहुतेक सल्ले पहिल्याच प्रश्नाभोवती घोटाळतात. माझ्या मते दुसरा प्रश्न अधिक गंभीर आहे, कारण वेळेची चूक पुढच्या महिन्यात सुधारता येते, पण छापून गेलेले पान परत घेता येत नाही. तरीही ज्याला आज निर्णय घ्यायचा आहे त्याच्या डोळ्यांपुढे आधी घड्याळच असते, तेव्हा सुरुवात तिथूनच करू.

पहाट, शाळेची वेळ आणि रात्र

पहाटेच्या बाजूने बोलणारे पुष्कळ आहेत. अमेरिकन कादंबरीकार टोनी मॉरिसन दोन मुलांना सांभाळत प्रकाशन संस्थेत संपादकाची नोकरी करत होत्या, त्या काळात मुले उठण्यापूर्वीच्या अंधारात त्या लिहीत. ती सवय गरजेपोटी लागली आणि पुढे कायमची झाली, असे त्यांनीच सांगितले आहे. पहाटेचा खरा फायदा शांततेहून मोठा आहे. त्या वेळी डोक्यात अजून कुणाचेच काम शिरलेले नसते, आदल्या दिवशी अर्धवट सोडलेले वाक्य जिथे होते तिथेच सापडते, आणि दिवसाची पहिली ताजी शक्ती पुस्तकाच्या वाट्याला येते.

मात्र लहान मुलांच्या घरात पहाट दिसते तितकी रिकामी नसते. माझा मुलगा चार वर्षांचा असताना मी दिवा लावल्यावर वीसेक मिनिटांत तो पांघरूण ओढत बाहेर यायचा, काहीही न बोलता टेबलाखाली शिरायचा आणि माझ्या पावलांवर डोके टेकून पुन्हा झोपायचा. पाय हलवला की तो जागा होणार, म्हणून मी मुंग्या येईपर्यंत तशीच बसून लिहीत असे. शेजारची ऊब गेली की लहान मुलाला ते झोपेतही कळते, हे पहाटेचा आराखडा करताना गृहीत धरले पाहिजे. दुसरी गोष्ट झोपेची. पहाटे उठणाऱ्याने रात्री लवकर आडवे व्हायलाच हवे, आणि ते जोडीदाराच्या मदतीवाचून होत नाही. रात्री उशिरापर्यंत घर सांभाळून पहाटे लिहायला बसणारे तीन महिन्यांत चिडचिडे होतात, आणि ती चिडचिड शेवटी मुलांच्याच पदरी पडते.

शाळेची वेळ कागदावर सर्वांत सोयीची दिसते. मूल घरात नाही, दार कुणासाठी लोटून घ्यावे लागत नाही, अपराधी वाटत नाही. पण या वेळेवर घरातील प्रत्येक कामाची नजर असते. ‘तू घरीच असतेस ना’ या एका वाक्याने बँकेचे काम, दुरुस्तीला येणारा माणूस आणि आजारी नातेवाइकाची भेट ही सगळी त्याच तासांत येऊन बसतात. शिवाय शाळेला सुट्ट्या असतात. ज्याचे सारे लेखन शाळेच्या वेळेवर अवलंबून आहे, त्याची कादंबरी मोठ्या सुट्टीत पूर्ण थांबते, आणि सुट्टीनंतर पात्रांशी पुन्हा ओळख करून घेण्यातच पहिला आठवडा जातो. म्हणून ही वेळ निवडणाऱ्याने प्रकाशकाला मुदत सांगताना सुट्ट्या आधी वजा कराव्यात. हे उघड आहे, तरी पहिल्या पुस्तकाच्या आनंदात मी ते विसरले होते आणि त्याची किंमत घरातल्या सर्वांनी मोजली.

रात्रीबद्दल थोडक्यात सांगते. मुले झोपल्यावर नवा मजकूर सुचणारे लेखक आहेत, पण माझ्या अनुभवात थकलेले मन नव्यापेक्षा जुने चांगले हाताळते. रात्र पुनर्लेखनाला, मुद्रिते तपासायला आणि पत्रव्यवहाराला द्यावी. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी : रात्रीची सोय मुलांच्या वयाबरोबर संपते. वयात येणाऱ्या मुलांची झोपेची नैसर्गिक वेळ एक-दोन तासांनी पुढे सरकते. ज्या घरात पूर्वी नऊनंतर शांतता असे, तिथे अकरा वाजता कुणीतरी दाराशी उभे असते आणि दिवसभरात न बोललेली गोष्ट नेमकी तेव्हा बोलू लागते. त्या वेळी लेखन बाजूला ठेवण्याखेरीज दुसरा मार्ग मला मान्य नाही. त्याचा मोबदलाही मिळतो, कारण तीच मुले सकाळी उशिरा उठतात आणि लहानपणी हिरावलेली पहाट लेखकाला परत मिळते.

चित्रपुस्तक की कुमार कादंबरी

वेळेइतकाच साहित्यप्रकाराचाही विचार करावा, हे फार कमी जण सांगतात. चित्रपुस्तक साधारणपणे 32 पानांचे असते, कारण छपाईचा मोठा कागद दुमडल्यावर पाने आठ किंवा सोळाच्या पटीत पडतात. त्यातील मजकूर पुष्कळदा पाचशे शब्दांच्या आतच असतो. एवढी संहिता डोक्यात घेऊन फिरता येते. कपडे वाळत घालताना, मुलाला शाळेतून आणताना, रांगेत उभे असताना तिच्यातले एखादे वाक्य मनातल्या मनात दहा वेळा फिरवता येते, आणि घरी आल्यावर पाच मिनिटांत कागदावर उतरवता येते. याचा अर्थ चित्रपुस्तक लिहिणे सोपे आहे, असा मुळीच नाही. पान कुठे उलटायचे आणि चित्राने काय सांगायचे, मजकुराने काय गिळायचे, हे ठरेपर्यंत वीस-पंचवीस खर्डे सहज होतात. परंतु ते तुकड्यातुकड्यांनी करता येतात, आणि लहान मुलांच्या घरात वेळही तुकड्यांनीच मिळतो.

कुमारांसाठीची कादंबरी वेगळी मागणी करते. तिची लांबी पन्नास ते ऐंशी हजार शब्दांच्या घरात जाते. साठ हजार शब्दांचा पहिला मसुदा धरला आणि आठवड्यातून पाच दिवस रोज तीनशे शब्द लिहिले, तर दोनशे दिवस, म्हणजे चाळीस आठवडे लागतात. रोज तीनशे शब्द हे एका तासाचे काम आहे आणि ते कोणत्याही घरात बसू शकते. अडचण आहे ती सलगतेची. मुलाचा ताप, परीक्षा, पाहुणे यांत चार दिवस गेले, की पाचव्या दिवसाचा तास आधीचे वाचण्यातच संपतो. यावर मला एकच उपाय लागू पडला आहे : उठताना पुढच्या प्रसंगाची दोन ओळींची टिपणी लिहून ठेवणे, म्हणजे परतीची वाट शोधत बसावे लागत नाही.

मिळकतीतही फरक पडतो. चित्रपुस्तकाचे मानधन बहुधा लेखक आणि चित्रकार यांच्यात वाटले जाते, आणि चित्रे पूर्ण होण्याची वाट पाहण्यात संहिता स्वीकारल्यापासून पुस्तक हाती येईपर्यंत दोन वर्षेही जाऊ शकतात. कादंबरीचे मानधन एकट्या लेखकाचे, परंतु ती लिहिण्यातच वर्ष गेलेले असते. दोन्हींकडे रॉयल्टी सहसा वर्षातून एकदा किंवा दोनदा येते, घरखर्च मात्र दर महिन्याला असतो.

घरात पाच वर्षांखालील मूल असेल तर चित्रपुस्तक किंवा छोट्या कथा, आणि मूल शाळेत रुळल्यावर कादंबरी, असा क्रम मी सुचवीन. इथे एक गैरसमज दूर करायला हवा. आपले मूल ज्या वयाचे आहे त्याच वयासाठी लिहिणे सोपे जाते, असे अनेकांना वाटते. बालवाचकांच्या बाबतीत ते काही अंशी खरे आहे. कुमारवयाच्या बाबतीत ते नेमके उलटे आहे, आणि त्याचे कारण दुसऱ्या प्रश्नाकडे नेते. तत्पूर्वी नोकरीचा मुद्दा संपवते.

नोकरी ठेवावी की सोडावी

स्वीडिश बालसाहित्यिका ॲस्ट्रिड लिंडग्रेन 1946 पासून 1970 पर्यंत स्टॉकहोममधील एका प्रकाशन संस्थेत बालपुस्तकांच्या संपादक होत्या. त्या सकाळी घरी लघुलिपीत लिहीत आणि दुपारी कचेरीत जात. जगभर वाचल्या जाणाऱ्या लेखिकेनेही चोवीस वर्षे नोकरी सांभाळली, याकडे निर्णय घेणाऱ्याने जरूर पाहावे. नोकरीमुळे पैशाची चिंता कमी होते आणि पुस्तकावर घर चालवण्याचा भार पडत नाही. जे लिहायचे नाही त्याला नकार देता येतो. पूर्णवेळ लेखकाला तास अधिक मिळतात, पण ते भरून काढायला शाळाभेटी, कार्यशाळा आणि मागणीनुसार लेखन येते. शाळाभेट हे चांगले काम आहे आणि त्याचे पैसेही मिळतात, मात्र ते शाळेच्या वेळेतच आणि बहुधा परगावी असते, म्हणजे दुसऱ्यांच्या मुलांना गोष्ट सांगण्यासाठी स्वतःच्या मुलाचे संमेलन चुकवावे लागते. वर्षाच्या आरंभी घरातील तारखा आधी लिहाव्यात आणि उरलेल्याच तारखा बाहेर द्याव्यात, हा नियम मी फार उशिरा शिकले.

घरातले मूल पुस्तकात आणावे का

या प्रश्नाच्या दोन बाजू मांडताना मला तटस्थ राहता येत नाही. आणावे असे म्हणणाऱ्यांचे म्हणणे खोटे नाही. मुलाच्या तोंडचे वाक्य कल्पनेने रचता येत नाही, आणि बालसाहित्यातील कित्येक उत्तम पुस्तके एखाद्या ओळखीच्या मुलासाठी सांगितलेल्या गोष्टीतून निघाली आहेत. इंग्रज लेखिका व चित्रकार बीट्रिक्स पॉटर यांनी 1893 मध्ये आपल्या जुन्या शिक्षिकेच्या आजारी मुलाला चित्रांसह पत्र लिहिले, आणि त्यातील सशाची गोष्ट 1902 मध्ये बाजारात आली. लिंडग्रेन यांच्या मुलीने 1941 मध्ये आजारपणात एक विचित्र नाव स्वतःच रचले आणि त्या नावाच्या मुलीची गोष्ट आईकडे मागितली. त्यांच्या पुस्तकांची प्रसिद्ध नायिका पिपी तिथून जन्मली. या दोन्ही उदाहरणांत मूल श्रोता आहे, मागणारे आहे, पण कथेचा विषय नाही.

दुसऱ्या बाजूला ‘विनी द पू’ या अस्वलाच्या गोष्टी लिहिणारे ए. ए. मिल्न यांचा मुलगा ख्रिस्तोफर रॉबिन उभा आहे. वडिलांनी त्याचे खरे नाव आणि त्याची खेळणी पुस्तकांत घातली, जगाने ती डोक्यावर घेतली, आणि वसतिगृहाच्या शाळेत मुलांनी त्याच नावाने त्याची टर उडवली. 1974 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आठवणींत त्याने त्या प्रसिद्धीचा जो सल सांगितला आहे, तो मुलांसाठी लिहिणाऱ्या प्रत्येक पालकाने वाचावा.

माझी मुलगी अकरा वर्षांची असताना मी कुमारांसाठी एक कादंबरी लिहीत होते. तिच्या वर्गात घडलेला, तिने मला एका रात्री रडत सांगितलेला एक प्रसंग मी नाव, गाव, सगळे बदलून त्यात घेतला होता. हस्तलिखित तिनेच वाचायला मागितले. दोन दिवसांनी ते माझ्या टेबलावर परत आले, त्यातील एका परिच्छेदावर शिसपेन्सिलीने, फूटपट्टी लावून, ओळीगणिक सरळ रेघा मारलेल्या होत्या. एकही शब्द लिहिलेला नव्हता. बाजूला तिने फक्त एका ठिकाणी शुद्धलेखनाची चूक दुरुस्त केली होती, म्हणजे बाकीचे सारे तिने मन लावून वाचले होते. तो परिच्छेद मी काढला. संपादकांना त्या जागी कथेत पोकळी जाणवली आणि ती भरायला मला पाच आठवडे लागले.

नाव बदलले की जबाबदारी संपते, असे मी तोवर समजत होते. लहान मूल पुस्तकात स्वतःला पाहून हरखते, पण कुमारवयीन मूल स्वतःला ओळखते आणि इतर कुणी ओळखील या धास्तीत असते. म्हणून घरात कुमारवयीन मूल असताना कुमार कादंबरी लिहिणे सर्वांत अवघड आहे. पाहिलेले सगळे वापरणे आणि काहीच न वापरणे यांच्यामध्ये एक मार्ग आहे : भावना घ्यावी, प्रसंग सोडावा, आणि प्रसंग घ्यायचाच असेल तर मुलाला छापण्यापूर्वी वाचायला देऊन त्याचा नकार अंतिम मानावा. सात-आठ वर्षांखालील मुलाला संमतीचा अर्थ कळत नाही, म्हणून त्याच्या वतीने पालकानेच अधिक कडक राहावे. मूल मोठे झाल्यावर सहलेखक होऊ शकते, हेही विसरू नये. टोनी मॉरिसन यांनी पुढे मुलगा स्लेड याच्यासह मुलांसाठी पुस्तके लिहिली, त्यांतले पहिले 1999 मध्ये आले.

तीन वर्षांचे एक आणि आठ वर्षांचे एक मूल घरात असलेल्या, नोकरी करणाऱ्या आणि पहिले पुस्तक लिहू पाहणाऱ्या व्यक्तीने मला विचारले, तर मी नोकरी ठेवायला सांगेन. आठवड्यातून चार पहाटे लेखनाला, एक रात्र सुधारणांना आणि सुट्टीचा एक दिवस पूर्णपणे लेखनाविना, अशी वाटणी सुचवीन. ज्या चार दिवशी पहाटे उठायचे, त्यांच्या आदल्या रात्री मुलांना झोपवण्याचे काम जोडीदाराकडे असावे. पहिले काम चित्रपुस्तकाचे घ्यावे आणि कादंबरीची टिपणे एका वेगळ्या वहीत साठू द्यावीत. धाकटे मूल शाळेत जाऊ लागले, की ही सगळी वाटणी पुन्हा मांडावी, आणि त्या वेळी थोरले अकराच्या आसपास असेल, तेव्हा ती वही आधी त्याला दाखवावी.